स्पेन्सरला एका वाक्यात निकालात काढू नका

समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "आमच्या नोट्समध्ये हर्बर्ट स्पेन्सर दीड पानात संपतो. सामाजिक डार्विनवादाचा जनक, 'बळी तो कान पिळी' सांगणारा, गरिबांना मरू द्या म्हणणारा. मग आगरकरांसारख्या माणसाला त्याच्यात काय दिसले? श्यामजी कृष्णवर्मांनी त्याच्या नावाने शिष्यवृत्त्या का ठेवल्या? त्याचे आयुष्य आणि ग्रंथ जरा नीट समजावून सांगाल का? आणि आज तो वाचावा का?"

जरूर वाचावा. समाजशास्त्रीय विचारवंतांचा पेपर मी बरीच वर्षे शिकवतो आहे. कॉम्त, मार्क्स, डर्कहाइम, वेबर यांना तास पुरत नाहीत आणि स्पेन्सर पंधरा मिनिटांत उरकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच्यावरचे बरेचसे आरोप खरे आहेत, पण ते ज्या क्रमाने आणि ज्या कारणांसाठी केले जातात तिथे गफलत होते. स्पेन्सरचे उत्तम विचार आणि त्याचे कठोर विचार एकाच मुळातून फुटलेले आहेत. ते मूळ पाहायचे तर आधी त्याचे घर पाहावे लागते.

27 एप्रिल 1820 रोजी इंग्लंडमधल्या डर्बी गावी त्याचा जन्म झाला. आईवडिलांना नऊ मुले झाली, त्यांतला हा थोरला एकटाच जगला. वडील विल्यम जॉर्ज स्पेन्सर शिक्षक होते, आणि चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, म्हणजे इरॅस्मस डार्विनने स्थापन केलेल्या डर्बीच्या तत्त्वज्ञान-मंडळाचे चिटणीस होते. घराणे अधिकृत चर्चपासून फटकून राहणाऱ्यांपैकी. राजाने, पाद्र्याने किंवा सरकारने सांगितले म्हणून मान डोलवायची नाही, हा त्या घरचा संस्कार. मुलाला लॅटिन-ग्रीक फारसे आले नाही, इतिहास-काव्याशीही त्याचे जमले नाही. किडे, झाडे, यंत्रे, भूमिती यांत मात्र तो रमायचा.

तेरा वर्षांचा असताना त्याला बाथजवळच्या हिंटन गावी काकांकडे शिकायला ठेवले. काका थॉमस स्पेन्सर पाद्री होते. शिस्त कडक होती. मुलगा तिथून पळाला आणि पायी घराकडे निघाला. पहिल्या दिवशी 48 मैल, दुसऱ्या दिवशी 47, तिसऱ्या दिवशी उरलेले सुमारे 20. पुढे त्याला परत पाठवण्यात आले आणि तो तीन वर्षे तिथे शिकलाही. हे काका धान्यावरच्या आयात कराविरुद्ध झगडणारे सुधारक होते, पण सरकारी गरीब-मदतीने माणूस आळशी होतो यावरही त्यांचा ठाम विश्वास होता. पुतण्याची राजकीय मते इथेच घडली. डार्विनचे पुस्तक यायला अजून पाव शतक अवकाश होता, हे लक्षात ठेवा.

1837 साली वयाच्या सतराव्या वर्षी तो रेल्वेत इंजिनिअर म्हणून लागला. नवे लोहमार्ग टाकले जात होते, डोंगर कापले जात होते, आणि कापलेल्या कड्यांतून जीवाश्म निघत होते. त्या कुतूहलापोटी त्याने 1840 मध्ये चार्ल्स लायलचा भूगर्भशास्त्राचा ग्रंथ विकत घेतला. लायलने त्यात लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या उत्क्रांतिकल्पनेचे खंडन केले होते. स्पेन्सरने खंडन वाचले आणि पटली त्याला लामार्कची बाजू. आयुष्यभर ती सुटली नाही. पुढे मी यावर परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

मधली वर्षे धडपडीची होती. सुटे कागद एकत्र धरायची एक पिन त्याने शोधून काढली, तिच्यावर काही पैसेही मिळवले. 1848 पासून 1853 पर्यंत 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये तो उपसंपादक होता. याच काळात लंडनच्या लेखक-प्रकाशकांच्या वर्तुळात त्याचा वावर सुरू झाला. पुढे जॉर्ज इलियट या नावाने कादंबऱ्या लिहिणारी मेरियन इव्हान्स त्याच्या प्रेमात पडली. त्याने नकार दिला, पण मैत्री टिकली. तो अविवाहितच राहिला. 1853 मध्ये काका वारले, वारसाहक्काने 500 पौंड मिळाले, आणि त्याने नोकरी सोडली. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही, पगार नाही. पुढची पन्नास वर्षे लेखन हाच त्याचा व्यवसाय होता.

नोकरीत असतानाच त्याचे पहिले पुस्तक आले, 'सोशल स्टॅटिक्स'. बाहेर पडले 1850 च्या अखेरीस, मुखपृष्ठावर साल 1851. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका पुस्तकात आहे. त्याचा पाया एका नियमावर आहे: दुसऱ्याच्या तितक्याच स्वातंत्र्यावर घाला येत नसेल, तर प्रत्येक माणसाला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य आहे. स्पेन्सर याला समान स्वातंत्र्याचा नियम म्हणतो. एकदा नियम धरला की तो कुठेही नेईल तिथे जायचे, असा त्या तरुण माणसाचा बाणा आहे. स्त्रीला पुरुषाइतकेच हक्क, मतदानाचासुद्धा. मुलांना हक्क. जमीन कुणा एकाच्या खासगी मालकीची असू शकत नाही, कारण तशी ती झाली तर बाकीच्यांना पृथ्वीवर उभे राहायलाही परवानगी घ्यावी लागेल. ज्याला राज्यसंस्थेचे संरक्षण नको आणि करही द्यायचा नाही, त्याला तिच्याकडे पाठ फिरवण्याचा हक्क. 1850 साली हे छापायला धैर्य लागत होते.

वसाहतींवरचे प्रकरण आपण भारतीयांनी तर आवर्जून वाचावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर तो अक्षरशः तुटून पडतो. मिठाची मक्तेदारी, गरीब रयतेकडून जवळजवळ अर्धे उत्पन्न ओरबाडणारा कर, आणि देशी शिपायांच्या जोरावर देशी लोकांनाच गुलामीत ठेवण्याची धूर्त हुकूमशाही, हे सगळे तो नावानिशी मांडतो. अठराशे सत्तावन्नला अजून सात वर्षे होती. दादाभाईंची संपत्तीच्या गळतीची मांडणीसुद्धा यानंतरची.

त्याच पुस्तकात ते कुप्रसिद्ध वाक्यही आहे, आणि ते मी लपवणार नाही. सार्वजनिक आरोग्यावरच्या प्रकरणात तो लिहितो की जे जगण्याइतके सक्षम आहेत ते जगतात आणि त्यांनी जगावे हे चांगले. जे तसे नाहीत ते मरतात, आणि त्यांनी मरावे हेच उत्तम. नोट्समध्ये येते ते इथूनच. पण याच्या लगेच पुढे तो म्हणतो की माणसांच्या एकमेकांविषयीच्या सहज कणवेमुळे या प्रक्रियेची कठोरता कमी होत असेल, तर ती कमी होणे योग्यच आहे; फक्त परिणामांचा विचार न करता दाखवलेली कणव नुकसान करते. म्हणजे खासगी दानधर्माला त्याचा विरोध नाही. 'प्रिन्सिपल्स ऑफ एथिक्स'च्या अखेरच्या भागात तर परोपकारावर त्याने प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली आहेत. त्याचा विरोध सरकारने कराच्या पैशातून केलेल्या मदतीला, सरकारी शाळांना, सरकारी गटारयोजनेलाही आहे. कॉलऱ्याने लंडन वारंवार हादरत असताना गटारे सरकारने बांधू नयेत असे म्हणणे मला अक्षम्य वाटते. पुढचे वाक्य वाचल्याने हा दोष पुसला जात नाही, पण त्याचे स्वरूप कळते.

आता उत्क्रांती. डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 चे. स्पेन्सरने उत्क्रांतीच्या बाजूने उघडपणे लेख लिहिला 1852 मध्ये, आणि 1857 च्या एका निबंधात तारामंडळापासून भाषेपर्यंत सगळे काही एकजिनसी अवस्थेकडून विविधतेकडे जाते असा सिद्धांत मांडला. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग त्याचाच, 1864 च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ बायॉलॉजी'मधला. नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसने आग्रह धरला म्हणून डार्विनने तो 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. तेव्हा स्पेन्सरने डार्विन समाजाला लावला, हा क्रमच उलटा आहे. समाज, मन, जीवसृष्टी या सगळ्यांना लागू होणारा उत्क्रांतीचा एक नियम त्याच्याकडे आधीच होता, आणि नैसर्गिक निवड त्याने नंतर त्यात एक कारण म्हणून बसवली.

मुख्य कारण लामार्कचेच राहिले: आयुष्यात कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात. हे एकदा मानले की बाकीचे आपोआप येते. कष्ट केले, पोळले, शहाणे झाले, आणि ते शहाणपण रक्तातून मुलांत गेले. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की शेवटी माणूस समाजात राहायला पूर्ण लायक होईल आणि सरकारची गरजच उरणार नाही. मध्ये पडून कुणी चटका वाचवला, तर धडाच चुकला आणि सगळ्या वंशाची प्रगती लांबली. म्हणून मदतीला विरोध. दुबळ्यांना चाळणीतून गाळून टाकण्यापेक्षा सगळ्यांना चटके देऊन शिकवण्यावर त्याचा भर होता. 1880 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमानने कमावलेले गुण वारशाने जात नाहीत असे सांगितले, तेव्हा सत्तरी ओलांडलेला स्पेन्सर 1893 मध्ये त्याच्याशी मासिकातून हिरिरीने भांडला. या प्रश्नाच्या उत्तरावर शिक्षण, नीती, राजकारण सगळे अवलंबून आहे, असे तो स्वतःच लिहून गेला होता. ते खरेही ठरले. जीवशास्त्राने वाइझमानच्या बाजूने कौल दिला आणि स्पेन्सरच्या सामाजिक आशावादाचा आधारच निखळला. परीक्षेत स्पेन्सरवर टीका लिहायची असेल तर इथून सुरुवात करा. 'तो निर्दय होता' यापेक्षा हा मुद्दा कितीतरी वजनदार आहे.

1860 मध्ये त्याने 'सिंथेटिक फिलॉसॉफी' या मालेची जाहीर योजना छापली. वर्गणीदार मिळवून हप्त्याहप्त्याने ग्रंथ काढायचे. 'फर्स्ट प्रिन्सिपल्स' 1862 मध्ये आले, मग जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नीतिशास्त्र. शेवटचा खंड 1896 मध्ये. दहा खंडांना छत्तीस वर्षे लागली. 1855 मध्ये मानसशास्त्राचे पहिले पुस्तक लिहिताना त्याची प्रकृती जी ढासळली ती कायमची. झोप नाही, थोडा वेळ लक्ष दिले की डोके भणभणायचे. रीजंट्स पार्कच्या तळ्यात होडी वल्हवायची, मग वल्ही ठेवून लेखनिकाला मजकूर सांगायचा, पुन्हा वल्हवायचे, अशा रीतीने त्याने काही भाग लिहवून घेतला. 1866 मध्ये पैसे संपले आणि माला बंद करतो असे त्याने जाहीर केले. तेव्हा जॉन स्टुअर्ट मिलने प्रकाशकाचा तोटा स्वतः भरून देण्याची तयारी दाखवली. तत्त्वज्ञानात मिल त्याचा प्रतिपक्षी होता, हे ध्यानात घेतले की या गोष्टीचे मोल कळते. स्पेन्सरने ते नम्रपणे नाकारले. शेवटी अमेरिकेतल्या चाहत्यांनी एडवर्ड युमन्सच्या पुढाकाराने 7,000 डॉलर जमवले आणि काम चालू राहिले.

समाजशास्त्रज्ञ म्हणून त्याचे खरे देणे 'प्रिन्सिपल्स ऑफ सोशिऑलॉजी'च्या तीन खंडांत आहे. समाज सजीव शरीरासारखा वाढतो, वाढताना त्याचे भाग वेगळे होतात, वेगळे झालेले भाग एकमेकांवर अवलंबून राहतात. प्रत्येक भागाची रचना आणि तिचे कार्य एकत्र पाहावे लागते. हे तुम्हाला ओळखीचे वाटेल, कारण पुढचा सगळा रचना-कार्यवाद याच वाटेने गेला. डर्कहाइमने 1893 मध्ये श्रमविभागणीवर लिहिताना स्पेन्सरशीच वाद घातला: नुसत्या करारांवर समाज टिकत नाही, करारामागे नैतिक बंध लागतो. या वादात मी डर्कहाइमच्या बाजूचा आहे.

मात्र शरीराची उपमा वापरणारे बहुतेक लेखक जिथे घसरतात तिथे स्पेन्सर थांबतो, आणि ते नोट्समध्ये कधी येत नाही. शरीरात संवेदना एका ठिकाणी एकवटलेली असते, म्हणून पेशी शरीरासाठी असतात. समाजात सुखदुःख कळणारे एकच मध्यवर्ती ठिकाण नाही. ते प्रत्येक माणसाला वेगवेगळे कळते. म्हणून समाज माणसांसाठी आहे, माणसे समाजासाठी नाहीत. चातुर्वर्ण्याचे समर्थन विराट पुरुषाच्या मुख-बाहू-पायांनी करणाऱ्यांना यापेक्षा नेमके उत्तर मी वाचलेले नाही.

त्याचा दुसरा मोठा विचार म्हणजे लष्करी आणि औद्योगिक समाज. लष्करी समाजात सहकार्य सक्तीचे: वरून हुकूम, खाली तामिली. औद्योगिक समाजात ते ऐच्छिक, कराराचे. कोणताही समाज लढाईच्या तयारीला लागला की घरातली स्त्री, कारखान्यातला मजूर, वर्तमानपत्र, धर्म, सगळ्यांवर लष्करी शिस्तीची छाया पडते, हे त्याने दाखवून दिले. हाच चष्मा लावून म्हातारपणी त्याने स्वतःच्या देशाकडे पाहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला त्याने जाहीर विरोध केला, आणि 1902 च्या शेवटच्या निबंधसंग्रहात इंग्लंड पुन्हा रानटीपणाकडे चालल्याचे लिहिले. दुसऱ्या अफगाण युद्धात आपले सैन्य संकटात आहे असे कुणीतरी काळजीने सांगितले, तेव्हा न्याय-अन्याय न विचारता हुकमावरून माणसे मारायला जे पगारी जातात ते स्वतः मारले गेले तर मला पर्वा नाही, असे उत्तर दिल्याचे त्याने त्यातच नमूद केले आहे.

आता आगरकर आणि श्यामजी.

गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर पचवलेले होते. रूढी कुणा देवाने दिलेल्या नाहीत, त्या काळाच्या ओघात तयार झाल्या आणि काळाबरोबर बदलतात, ही दृष्टी त्यांच्या 'सुधारक' पत्राच्या पानापानांत आहे. 'देवतोत्पत्ति' हा त्यांचा निबंध काढून वाचा. देवकल्पना माणसाच्या मनात आली कशी, याचा शोध ते घेतात, आणि हाच प्रश्न स्पेन्सरने स्वप्न, सावली, पितरांची भुते यांच्यापासून सुरू केला होता. पण आगरकर आंधळे शिष्य नव्हते. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करणाऱ्या 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. स्पेन्सरचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध त्यांना माहीत होता. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलीचे स्वातंत्र्य तिच्या नवऱ्यापासून कायद्यानेच वाचवावे लागेल, हे त्यांना दिसत होते. समान स्वातंत्र्याचा नियम आगरकरांनी स्पेन्सरपेक्षा नीट लावला, असे माझे स्पष्ट मत आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त आधिभौतिक नीतिपक्षाचा, म्हणजे नीती ऐहिक सुखदुःखावरून ठरवणाऱ्या मताचा, परामर्श घेताना स्पेन्सरला जागा दिली, पण त्यांचा कल ग्रीन आणि कांट या तत्त्वज्ञांकडे आहे.

क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा मूळचे कच्छमधल्या मांडवीचे, शिक्षण मुंबईत आणि ऑक्सफर्डला. 8 डिसेंबर 1903 रोजी ब्रायटनला स्पेन्सर वारला. कोणतेही धार्मिक विधी न करता लंडनच्या गोल्डर्स ग्रीनमध्ये त्याचे दहन झाले, आणि तिथेच श्यामजींनी ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावाच्या व्याख्यानमालेसाठी 1,000 पौंड जाहीर केले. पुढच्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी 2,000 रुपयांच्या पाच स्पेन्सर शिष्यवृत्त्या. जानेवारी 1905 मध्ये सुरू केलेल्या 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' या त्यांच्या मासिकाच्या शीर्षभागी स्पेन्सरची दोन वचने छापलेली असत: एक समान स्वातंत्र्याचे, दुसरे असे की आक्रमणाचा प्रतिकार नुसता समर्थनीय नव्हे, तर अत्यावश्यक आहे. सावरकर 1906 मध्ये ज्या इंडिया हाउसमध्ये राहायला गेले, ते हायगेट भागातले घर श्यामजींचेच. इंग्रजांच्याच देशातल्या सर्वांत नावाजलेल्या तत्त्वज्ञाच्या शब्दांनी इंग्रजी राज्य नैतिकदृष्ट्या उघडे पाडता येत होते. इतके धारदार हत्यार श्यामजी हातचे सोडणार नव्हते.

मग माझी तक्रार कशाबद्दल? त्याच्या म्हातारपणाबद्दल. तरुणपणी एका नियमातून त्याने जे जे काढले, त्यातले काय सोडले आणि काय ठेवले ते बघा. 1891 च्या 'जस्टिस'मध्ये जमिनीची खासगी मालकी चालेल असे तो म्हणू लागला. जमिनीवर सगळ्यांचा हक्क मानणाऱ्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्जने 1892 मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहून त्याला जाब विचारला. लष्करी कर्तव्य स्त्रिया बजावत नाहीत या कारणाने त्यांचा मतदानाचा हक्कही गेला. राज्यसंस्थेकडे पाठ फिरवण्याचा हक्क नव्या आवृत्तीतून गळाला. शिल्लक राहिला तो सरकारी मदतीचा विरोध, 1884 च्या 'द मॅन व्हर्सस द स्टेट'मध्ये आणखी कडक होऊन. म्हणजे जमीनदाराला, पुरुषाला आणि राज्याला बोचणारे निष्कर्ष मागे घेतले गेले. गरिबाला बोचणारा तेवढा राहिला. अमेरिकेतल्या कारखानदारांनी त्याला डोक्यावर घेतले ते या उरलेल्या भागासाठी. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी तर स्वतःला त्याचा शिष्य म्हणवायचा. 1905 मध्ये बेकरी कामगारांच्या तासांचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती होम्सना आपल्या विरोधी निकालपत्रात लिहावे लागले की घटनेची चौदावी दुरुस्ती म्हणजे स्पेन्सरच्या 'सोशल स्टॅटिक्स'चा कायदा नव्हे.

वाचनाची सुरुवात दहा खंडांपासून करू नका, दमछाक होईल. 1873 चे 'द स्टडी ऑफ सोशिऑलॉजी' घ्या. भाषा सरळ आहे आणि एक उदाहरण तर मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. लोखंडी पत्र्याला एका जागी फुगवटा आला आहे. तो कसा बसवायचा? नवखा माणूस थेट फुगवट्यावर हातोडा मारतो. जोर वाढवतो, तरी तो बसत नाही. उलट पलीकडची कड वाकते, दुसरीकडे नवा फुगवटा येतो. जाणता कारागीर फुगवट्याला हात न लावता भोवताली वेगवेगळ्या जागी, कमीजास्त जोराचे ठोके देतो. पत्र्यासारखी साधी वस्तू इतकी अवघड, तर समाज सरळ करायला निघालेल्यांनी किती अभ्यास करायला हवा, असे तो विचारतो. रेल्वेच्या कामावर घडलेला माणूस इथे बोलतो आहे. आणि त्या कारागिराने हातोडा खाली ठेवलेला नाही, हे स्पेन्सरच्या लक्षात यायला हवे होते, असे मी मुलांना सांगतो.

त्यानंतर 'सोशल स्टॅटिक्स'. घेताना साल पाहा. 1892 ची आवृत्ती लेखकानेच कापलेली आहे. 1851 ची मूळ आवृत्ती हवी, ती इंटरनेटवर फुकट मिळते. जमीन, स्त्रियांचे हक्क, राज्यसंस्थेकडे पाठ फिरवण्याचा हक्क आणि वसाहती ही चार प्रकरणे आधी वाचा, मग आरोग्याचे. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून काय गळाले आणि का, याची यादी केलीत तर तुमच्या लघुप्रबंधाला विषयही मिळेल.